पिवळ्या लोकरीचा फेर

टाके बंद करायचं काम शेम्साकडे असायचं. बाकीच्या बायका विणायच्या, उसवायच्या, एकमेकींच्या विणीला नावं ठेवायच्या. पण एखादीचा माणूस सापडला, की तिचा तुकडा शेम्साच्या पुढ्यात यायचा. शेम्साचा हात हलका होता. ती टाके आवळायची नाही, सैलही सोडायची नाही. शेवटचा टाका ओढून घेताना ती मान वर करून बघायची नाही, कारण समोर त्या माणसाची आई नाहीतर बायको बसलेली असायची आणि अशा वेळी कुणाच्या तोंडाकडे बघणं बरं नव्हे, असं तिचं मत होतं.

तुझ्ला शहराबाहेर, खाणींच्या पलीकडे युद्धात घरंदारं सुटलेल्यांची वस्ती होती. सगळी पोडबोरची आणि आसपासच्या डोंगरातल्या गावांची माणसं. माणसं म्हणजे बायकाच; पुरुष जंगलातून निघाले होते ते पोचलेच नव्हते. वस्तीतल्या जुन्या शाळेच्या एका खोलीत या बायका दर मंगळवारी जमायच्या. ज्याचा पत्ता नाही अशा प्रत्येक माणसासाठी तळहाताएवढा तुकडा विणायचा. घरच्या बाईने त्याच्यासाठी शेवटचं जे विणलं असेल, स्वेटर म्हणा, टोपी म्हणा, पायमोजे म्हणा, त्याचीच वीण त्यात घ्यायची आणि मध्ये त्याचं नाव. शेवटची ओळ मात्र बंद करायची नाही. टाके तसेच उघडे ठेवून पांढऱ्या दोऱ्यात ओवायचे आणि तुकडा भिंतीवरच्या खिळ्याला अडकवायचा. माणसाची हाडं सापडली, दफन झालं, की मग टाके बंद करून तुकडा मोठ्या पांघरुणाला जोडायचा. हा नियम कुणी काढला ते कुणालाच आठवत नव्हतं. झेय्फाआजी म्हणायची, मीच काढला. तिच्याशी वाद घालायची कुणाची छाती नव्हती.

वर्षं गेली तसं पांघरूण वाढत गेलं आणि भिंत रिकामी होत गेली. नव्या तपासण्या निघाल्या होत्या. आईच्या बोटातलं थेंबभर रक्त घ्यायचं आणि हाडांशी ताडून बघायचं. एकेकीचं बोलावणं यायचं. बोलावणं आलं म्हणून रडायचं आणि नाही आलं म्हणूनही रडायचं, अशी तऱ्हा होती. शेम्साने रक्त अगदी सगळ्यांच्या आधी दिलं होतं. तिचा वाहिद अजून भिंतीवरच होता. दाराशेजारच्या खिळ्याला, तपकिरी तुकडा, वर लाल पट्टी. आत येताना तिचा हात आपोआप त्याच्यावरून फिरायचा. धूळ झटकते, असं ती म्हणायची. दुसऱ्यांचे शंभर तुकडे आपण बंद केले, एवढा एक या हातांनी बंद करायला मिळाला की देवाकडे आणखी काही मागायचं नाही, असं तिने ठरवून टाकलं होतं.

रुकियाचा नेझीर मात्र पांघरुणाच्या अगदी मधोमध होता. सापडलेल्यांत तो पहिला.

रुकिया आणि शेम्सा पोडबोरच्या शेजारणी. दोघींच्या अंगणांमध्ये एक प्लमचं झाड होतं आणि त्याची फळं कुणाची, यावरून दोघींच्या सासवा जन्मभर भांडल्या. या दोघी सुना त्या भांडणावर हसत हसत मैत्रिणी झाल्या. वाहिद आणि नेझीर एका महिन्यात जन्मलेले. वाहिदला घरचं जेवण कधी गोड लागलं नाही. हा आपला रुकियाच्या चुलीपाशी बसून बटाट्याचं सारण भरून भाजलेली पिटा खायचा आणि घरी येऊन भूक नाही म्हणायचा. शेम्सा रुकियाला म्हणायची, माझा पोरगा तूच पळवलास. रुकिया म्हणायची, तुझ्या हाताला चव असती तर पळाला असता का?

मग वेढा पडला. तोफेच्या गोळ्याने शेम्साचा नवरा गेला, आणि त्याच दिवशी लोखंडाचा तुकडा लागून रुकियाचा उजवा हात लुळा पडला. तिच्या नवऱ्याला तर त्याच्या आधीच कुठे नेलं होतं, त्याचा ठाव लागला नव्हता. त्या हिवाळ्यात शेम्साने नवऱ्याचा तपकिरी स्वेटर उसवला. दोन्ही पोरांचे बूट फाटलेले, आणि रुकियाला आता सुई धरता येत नव्हती. शेम्साने एकाच लोकरीचे दोन जोड विणले, एक वाहिदला, एक नेझीरला. वरच्या पट्टीला जुन्या सतरंजीची लाल लोकर काढली. पुढल्या उन्हाळ्यात गावं शत्रूच्या हाती पडली, तेव्हा दोघे तेच मोजे घालून जंगलाच्या वाटेने गेले. नेझीर म्हणाला होता, ऊन आहे, मोजे कशाला? रुकियाने रागावून घालायला लावले होते. जंगलातली रात्र तुझ्या बापाने पाहिली आहे का, असं काहीतरी ती बोलली होती. त्या पोराशी तिचं शेवटचं बोलणं ते.

युद्ध संपल्यावर तीनेक वर्षांनी एका डोंगरउतारावर काही जण सापडले. तेव्हा रक्ताची तपासणी नव्हती. कपड्यांचे फोटो बायकांना दाखवत आणि ओळखा म्हणत. शेम्सा त्या वेळी लेकीच्या, सेनादाच्या, बाळंतपणाला स्लोव्हेनियात होती. फोनवर रुकियाचा आवाज आला, "नेझीर सापडला गं. तुझ्या मोज्यांवरून ओळखला." शेम्सा तान्ह्या नातीला परक्याच्या हवाली करून पहिल्या बसने परत आली. रुकियाच्या घरी बायका गोल बसून मणी ओढत नाम घेत होत्या. शेम्साच्या मनात एक कुसळ टोचलं होतं, नाही असं नाही. मोजे तर दोघांचे सारखेच होते. पण दुखवट्याच्या घरात जाऊन पुरावा कुणी मागतं का? आईने डोळ्यांनी पाहिलं, उंची जुळली, वय जुळलं. शेम्साने कुसळ मनातच दाबलं आणि तीही गोलात जाऊन बसली. पुढे नेझीरचा तुकडा तिनेच विणला, तिनेच बंद केला.

तेव्हापासून रुकिया दर शुक्रवारी टेकडीवरच्या कबरस्तानात जायची. पांढऱ्या दगडाशेजारी बसून फातिहा म्हणायची आणि मग आठवडाभराचं सगळं सांगायची. घेवड्याला कीड लागली, झेय्फाने अमकीचा अपमान केला, पेन्शन उशिरा आली. शेम्सा कधीकधी बरोबर जायची आणि थोडं लांब उभी राहायची. तिला मत्सर वाटायचा. सांगायला लाज वाटावी असा मत्सर. शेजारणीला कबर आहे आणि आपल्याला नाही, म्हणून. ती घरी येऊन नमाज पढायची आणि त्याची माफी मागायची.

एका वर्षी वसंतात दुब्रावकाबाईंनी बातमी आणली. दुब्रावकाबाई शहरातल्या निवृत्त चित्रकलाशिक्षिका. या खोलीचं भाडं, लोकर, चहाकॉफी सगळं त्याच बघायच्या आणि बायकांची बोलणीही खायच्या. पांघरूण व्हिएन्नाला प्रदर्शनाला जाणार होतं. तिथल्या लोकांची इच्छा होती, की पांघरुणासोबत त्या माणसांच्या काही वस्तूही काचेखाली ठेवाव्यात. कुणाकडे काही असेल, द्यावंसं वाटलं तर द्या, जबरदस्ती नाही, असं त्या पुन्हापुन्हा म्हणाल्या.

"घर जळलं तेव्हा ताटसुद्धा घेऊ दिलं नाही," झेय्फाआजी म्हणाली, "आता फाटक्या मोज्यांना काचेचं कपाट मिळतंय. जगून घेतलं म्हणून बघायला मिळालं."

बायका हसल्या. पुढच्या मंगळवारी कुणी तंबाखूची डबी आणली, कुणी कंगवा. रुकियाने ओळख पटल्यावर तिच्या हाती दिलेला नेझीरचा मोजा रुमालात बांधून आणला.

एकच होता; दुसऱ्याचा मातीत चिखल झाला होता. टाचेपाशी वीण सुटत चालली होती. रुकिया म्हणाली, "शेम्सा, एवढा टाका उचल गं. परक्या देशात जाऊन उसवायला नको. लोक म्हणतील, यांना विणताही येत नव्हतं." आणि कॉफी ठेवायला ती आत गेली.

शेम्साने मोजा हातात घेतला. स्वतःच्या हाताची वीण ती इतक्या वर्षांनी बघत होती. नवऱ्याच्या स्वेटरचा तपकिरी रंग मातीने काळा केला होता. लाल पट्टीही लाल उरली नव्हती. टाचेची दुरुस्ती आतून करायची असते, म्हणून तिने मोजा उलटा केला. वरची कड आत दुमडलेली होती आणि चिकटून बसली होती. ती नखाने सोडवताना बोटाला गाठ लागली. बारीक गाठ, दोन लोकरी जिथे जोडतात तिथली. गाठीच्या पुढे एक फेर पिवळा होता.

बाहेरून तो मातीचाच डाग वाटावा. आत, दुमडीखाली, तो पिवळाधमक होता.

लाल लोकर संपली होती. दुसऱ्या जोडाला शेवटच्या फेरापुरती कमी पडली, तेव्हा शेम्साने सेनादाच्या लहानपणीच्या टोपीचा पिवळा गोंडा उसवून तेवढा फेर भागवला होता. जोड बघून तिला हसू आलं होतं, कुठे लाल, कुठे पिवळा. मग तिने धड जोड बाजूला काढून रुकियाच्या घरी नेऊन दिला. आपल्याला चालतं तसलं, पण शेजारी द्यायची वस्तू धड असावी. पोडबोरमध्ये वाटीभर पीठ दिलं तरी शिगोशीग भरून द्यायची रीत होती. पिवळ्या फेराचा जोड तिने वाहिदला घातला. वाहिद म्हणाला होता, "आई, मला बरा दळभद्री जोड." ती म्हणाली होती, "बुटात कोण बघतंय?"

रुकिया कॉफी घेऊन आली. शेम्सा म्हणाली, उजेड कमी आहे, घरी नेऊन करते. मोजा पिशवीत घालून ती बाहेर पडली. दारातून जाताना तिचा हात भिंतीवरच्या तुकड्याकडे गेला नाही.

घरी ती टेबलाशी बसली. वाहिद सापडला होता. सापडून कितीतरी वर्षं झाली होती. बसने दोन थांब्यांवर, टेकडीवर, दुसऱ्याच्या नावाच्या दगडाखाली तो होता, आणि ती त्याच्या कबरीपासून चार हात लांब उभी राहून मत्सर करत होती. तिला रडू आलं ते आधी आनंदाचं होतं, हे कुणी खरं मानणार नाही. माझं पोर एकटं नव्हतं, असं ती रिकाम्या घरात मोठ्याने म्हणाली. दर शुक्रवारी कुणीतरी त्याच्याजवळ जात होतं.

मग तिला नेझीर आठवला.

तोंडाला कुलूप घालावं, हा विचार तिच्या मनात आला, आणि बराच वेळ राहिला. रुकियाजवळ आता होतं तरी काय? नवरा नाही, दुसरं मूल नाही, हात अधू. एक कबर होती. तिच्यावर तिचा आठवडा उभा होता. शेम्साला लेक होती, नातवंडं होती. आपलं पोर कुठे आहे हे आपल्याला कळलं, तेवढं पुरे, असं ती स्वतःला समजावत राहिली. पण रुकियाने रक्त दिलेलं नव्हतं. मुलगा सापडलेल्या आईने कशाला द्यायचं? शहरात एका थंड खोलीत फळ्यांवर नाव न लागलेल्या हाडांच्या पिशव्या होत्या. शेम्साने त्या पाहिल्या होत्या, आकडे घातलेल्या. नेझीर त्यातल्या एका पिशवीत असेल, तर जगातलं एकच रक्त त्याला नाव देऊ शकत होतं, आणि ते कुणी मागितलंच नव्हतं. शेम्सा गप्प बसली असती, तर रुकियाला कबर मिळत होती आणि नेझीरला कधीच नाही.

तिने सेनादाला फोन केला. लेक रडली, मग म्हणाली, "आई, तू आता नाही सांगितलंस तर मरताना सांगशील. तेव्हा रुकियामावशी कुणावर चिडणार?"

शेम्सा दोन दिवस घराबाहेर पडली नाही. तिसऱ्या दिवशी सकाळी ती रुकियाच्या दारात उभी राहिली. रुकियाने नेहमीप्रमाणे डाव्या हाताने कॉफी ओतली, साखरेचा खडा पुढे केला आणि मोजा झाला का विचारलं. शेम्साने मोजा टेबलावर ठेवला, उलटा करून, कड उलगडून. आणि सगळं सांगितलं. लाल लोकर, टोपीचा गोंडा, धड जोड कुणाला दिला ते. ती सांगत असताना रुकिया त्या पिवळ्या फेराकडे बघत होती. कॉफी निवली.

"माती आहे ती," रुकिया म्हणाली.

"माती नाही गं."

"मी धुतला नाही कधी. म्हणून राहिली."

"रुकिया, गाठ बघ. माझी गाठ आहे."

रुकिया उठली, खिडकीपाशी गेली. बोलली तेव्हा तिचा आवाज अगदी साधा होता. "तुला लेक आहे. तुला नातवंडं आहेत. नवऱ्याची कबर माहीत आहे तुला, पोडबोरला, झाडाखाली. माझ्याकडे काय आहे? दगड आहे एक. तोही तुला हवा."

"मला नको आहे," शेम्सा म्हणाली. "मला नेझीर सापडायला हवा आहे."

"माझा नेझीर सापडला आहे. जा तू."

शेम्सा उठली. मोजा तिने टेबलावरच राहू दिला. उंबऱ्यावर तिला वाटलं, उचलावा. तो वाहिदच्या पायातला होता. पण मागे वळण्याची तिची हिंमत झाली नाही.

त्यानंतर रुकिया मंगळवारी आली नाही. शुक्रवारी कबरस्तानात जाताना ती शेम्साच्या दारावरून जाणारा रस्ता सोडून वळसा घेऊन जायची. वस्तीत काही लपून राहत नाही. काहीजणी म्हणाल्या, शेम्साने करायला नको होतं; मेलेल्यांना झोपू द्यावं. काहीजणी म्हणाल्या, आईच्या हाताची गाठ खोटी कशी असेल? झेय्फाआजीच्या जिभेला हाड नव्हतं, पण या वेळी ती एवढंच म्हणाली, की दोघींचं बरोबर आहे, आणि म्हणूनच हे वाईट आहे. पांघरूण व्हिएन्नाला गेलं नाही. दुब्रावकाबाईंनीच कळवून टाकलं, की पांघरुणातलं एक नाव नक्की नाही, तोवर ते काचेखाली जाणार नाही. बायकांना त्यांच्याबद्दल पहिल्यांदा आदर वाटला.

उन्हाळा ओसरला. एका मंगळवारी दार उघडलं आणि रुकिया आत आली. वाळली होती. कुणाकडे न बघता ती शेम्सासमोर बसली आणि डाव्या हाताने उजव्या हाताची बाही वर सरकवू लागली.

"रक्त कुठून घेतात? दंडातून का?"

"बोटातून," शेम्सा म्हणाली. "एकच थेंब."

"या हातातलं घ्या म्हणावं. हा तसाही कामाचा नाही." मग ती म्हणाली, "मला तेव्हाच मनात आलं होतं, शेम्सा. फोटो बघितला तेव्हा. दोघांचे सारखे आहेत, हे मला माहीत नव्हतं का? आलं आणि मी झटकून टाकलं. माझ्या बरोबरच्या बायका तिथे बाकावर फोटोंची वाट बघत बसून बसून वेड्या व्हायला आल्या होत्या. मला घरी जायचं होतं. हो म्हटलं की घरी जाता येत होतं."

शेम्साने रुकियाची वर सरकवलेली बाही खाली ओढून नीट केली. दुसऱ्या दिवशी दोघी एकाच बसने शहरात गेल्या.

कबर उघडली तेव्हा दोघींना जवळ येऊ दिलं नाही. हाडातला छोटासा तुकडा घेतला आणि पुन्हा माती लोटली. निकाल यायला हिवाळा लागला. तो वाहिदच होता. रुकियाचं रक्त तिथल्या कुठल्याच पिशवीशी जुळलं नाही. तरुण डॉक्टरीणबाई म्हणाल्या, अजून सगळं सापडलेलं नाही, नवीन सापडतंय, आशा ठेवा. रुकियाने त्यांचे आभार मानले. बाहेर आल्यावर ती पायरीवर बसली आणि म्हणाली, "त्याला कुठल्या थंडीत ठेवलंय, तेवढं तरी कळायला हवं होतं. मोजे तरी आहेत त्याच्या पायात. माझ्याशी भांडून घातलेले." शेम्सा तिच्याशेजारी बसून राहिली. एक बस गेली, दुसरी गेली.

त्या मंगळवारी खोलीत कुणी विणत नव्हतं. पांघरूण टेबलावर पसरलं होतं. आजवर त्यात फक्त जोडत आले होते, काढलेलं काहीच नव्हतं. दुब्रावकाबाईंनी कात्री पुढे केली; रुकिया म्हणाली, कात्री नको. तिने अधू हाताने कड दाबून धरली आणि डाव्या हाताने सुईच्या टोकाने शिवण उकलत गेली. कुणी मदतीला हात पुढे केला नाही. पुढे केला असता तर तिने झिडकारला असता. तुकडा सुटला. पांघरुणाच्या मधोमध भोक पडलं, त्यातून टेबलाचं लाकूड दिसायला लागलं.

मग शेवटची ओळ उघडायची होती. बंद केलेले टाके उघडताना लोकर ओढावी लागते आणि एकेक टाका निसटायच्या आत पकडावा लागतो. त्याला दोन हात लागतात.

"शेम्सा," रुकिया म्हणाली.

शेम्सा लोकर ओढत गेली, रुकिया टाके पांढऱ्या दोऱ्यात ओवत गेली. एक टाका निसटला, तो शेम्साने उचलला. इतकी वर्षं कुणाचेही टाके बंद करताना मान वर न करणाऱ्या शेम्साने या वेळी वर बघितलं. रुकियाच्या गालांवरून पाणी वाहत होतं आणि ती ते पुसायला थांबत नव्हती. नेझीर भिंतीवर गेला, दाराशेजारच्या खिळ्याला. तिथला वाहिद खाली आला. त्याचे टाके बंद करायला शेम्साला फारसा वेळ लागला नाही. ज्या क्षणासाठी ती इतकी वर्षं थांबली होती, तो आला तेव्हा तिला तो नकोसा वाटला. तुकडा भोकात बरोबर बसला; दोन्ही एकाच मापाचे होते.

नवा दगड वसंतात बसवला. जुन्याचं काय करायचं, असं दगडवाल्याने विचारलं. रुकिया म्हणाली, माझ्या अंगणात ठेव, लागेल.

पहिल्या शुक्रवारी शेम्सा एकटीच निघाली. टेकडीच्या पायथ्याशी रुकिया उभी होती, हातात पिशवी घेऊन. सवयीने बाहेर पडले, असं ती म्हणाली. अर्ध्या वाटेत लक्षात आलं, मग परत जाववेना. तिने विचारलं, "मी आले तर चालेल का गं तुला?"

शेम्साने मान हलवली. दोघी वर चढल्या. दगडावर वाहिदचं नाव होतं. शेम्सा बसली, फातिहा म्हणाली, आणि पुढे तिला काहीच सुचेना. इतकी वर्षं तिने त्याला सांगायच्या गोष्टी मनात साठवल्या होत्या. एकही वर येईना. रुकिया चार हात लांब उभी होती, शेम्सा जिथे उभी राहायची तिथेच.

"इतकी वर्षं मी नेझीर समजून सगळं सांगत बसले," रुकिया म्हणाली. "त्या पोराने नुसतं ऐकून घेतलं."

"तुझ्याकडेच असायचा तो. तुझी पिटा खाऊन यायचा." शेम्साने मातीवर हात ठेवला. "रुकिया, इकडे ये. बस. मला काय बोलायचं ते कळत नाहीये. माझा आवाज विसरला असेल तो, तुझा रोजचा आहे. आधी तू बोल."

रुकिया जवळ आली. गुडघे दुखत होते, तरी खाली बसली. पिशवी बाजूला ठेवली, पदर नीट करावा तसा डोक्यावरचा रुमाल नीट केला, आणि दर शुक्रवारी बोलायची त्याच आवाजात दगडाला म्हणाली, "वाहिद, बाळा, आज तुझी आई आली आहे."